खोक्याचं भोक

अमेरिकेतल्या टोलीडो शहरातली आमची शेजारीण लोरेन शिमान्स्की शाळेच्या भटारखान्यात तीस वर्षं राबली, पण तिनं एकही कागद कधी अर्धवट भरला नाही. तिनं नवा प्रिंटर घेतला; दुकानातल्या जाहिरातीप्रमाणे खोक्यावरचा बारकोड नि पावती कंपनीला पाठवली की चाळीस डॉलर टपालानं परत मिळणार होते. अटी तिनं दोनदा वाचल्या, खोक्यावरचा बारकोड कात्रीनं सरळ रेषेत कापला, पावती जोडली, दोन्हींच्या प्रती काढून ठेवल्या आणि पाकीट पोस्टात टाकलं.

दहा आठवड्यांनी पत्र आलं: "मूळ बारकोड मिळाला नाही. अर्ज नामंजूर."

तिनं कंपनीला फोन लावला. "अहो, तो तुमच्याकडेच आहे! माझ्याकडे नुसतं भोक उरलंय. प्रत पाठवू का?"

"प्रत चालत नाही, मॅडम. मूळच पाठवा."

मला राग आवरेना. प्रिंटर खोक्यासकट गाडीत घातला नि तिला ओढतच दुकानात नेलं. "हा परत घ्या," मी म्हणाले.

काउंटरवरच्या माणसानं खोकं फिरवून पाहिलं. "बारकोड कापलेला माल परत घेत नाही."

"तुमच्याच जाहिरातीनं कापायला लावलाय ना, मेल्या?"

"ते कंपनीचं. आमचा संबंध नाही." मग लोरेनकडे बघून त्याला कीव आली असावी. आवाज खाली आणून म्हणाला, "तसलेच प्रिंटर मागे आहेत. एक विकत घ्या, त्याचा बारकोड पाठवून द्या."

मी तोंड उघडणार, तोच लोरेननं माझी बाही ओढली.

"भांडू नकोस गं," ती म्हणाली. "त्याच्यावरही चाळीस परत मिळतात का, तेवढं विचार."