आखाजीची पाहुणी

आखाजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की कळवणची ती केस मला हमखास आठवते. सत्तरचं दशक सरत आलं होतं, मी तिथे फौजदार होतो. आखाजीला झाडाझाडाला झोके बांधलेले असत आणि माहेरवाशिणींची गाणी थेट ठाण्यापर्यंत येत. काय दिवस होते ते!

असाच सण होऊन गेल्यावर सुरतेचा एक जावई कोर्टाचा हुकूम नाचवत ठाण्यात आला. "सासऱ्याने माझी मुलगी अडकवलीय, काढून द्या!" मी हुकूम वाचला. त्याच्या बायकोने मुलीच्या ताब्यासाठी नाशिकला अर्ज केला होता. अशा वेळी कायदा आधी विचारतो, मूल एरवी राहतं कुठे? आजोबांनी साक्षीत सांगून टाकलं, लेक आणि नात आखाजीला पाहुण्या आल्यात. झालं! मूल सुरतेचं, तिकडच्या कोर्टात जा, म्हणून अर्ज परत. मुलगी कुणाकडे राहावी हे कोर्टाने ठरवलंच नव्हतं, पण जावयाला कोण समजावणार? त्याला चहा पाजून बसवलं.

तेवढ्यात स्टँडवरच्या पानवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली, "आखाजीची कसली, दादा? थंडीतच उतरली ती बाई, पोरीला घेऊन."

मी म्हाताऱ्याच्या घरी गेलो. माझी लेक पाहुणी आहे, हेच त्याचं अहिराणीतलं पालुपद. "मनी पोर पाहुनी शे, साहेब." लेक दाराआड पोरीला घट्ट धरून उभी होती.

दरडावण्यात अर्थ नव्हता. मी सहज विचारलं, "बाबा, मुराळी कोण गेला होता?" आखाजीला लेकीला आणायला माहेरचा माणूस मुराळी म्हणून जातो, त्याशिवाय ती येत नाही. म्हाताऱ्याने मान खाली घातली. कुणीच गेलं नव्हतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती कायमची आली होती. नात इथल्याच शाळेत जात होती.

"गावले काय सांगू, साहेब?" म्हणत तो रडायला लागला.

"गावाला काय हवं ते सांगा. पण कोर्टात हेच सांगत राहिलात तर नात हातची जाईल."

पुढे अपील झालं, साक्ष पुन्हा घ्यायचा आदेश आला. अर्धं गाव नाशिकला लोटलं. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहिला आणि सगळ्यांदेखत बोलला. "मनी पोर पाहुनी नही. तिनं घर आठेच शे."

तिचं घर इथेच, हे नोंदलं गेलं आणि कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला.

चोर शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतो, हे मला ठाऊक होतं. सज्जन माणूस अब्रूपायी पोटच्या पोरीला परकी करतो, हे त्या केसने शिकवलं. कोर्टाबाहेर ती लेक बापाच्या गळ्यात पडून जी रडली, ते आठवलं की आजही माझे डोळे भरून येतात.