पार्किंग लॉटमधली मंडळी

अमेरिकेत ॲन आर्बरला आमची मराठी मंडळी एका कोरियन चर्चच्या तळघरात भरायची. मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात चर्चचा अख्खा गोतावळा. मी तिथला पेटीवाला. दुसऱ्या कुणाला पेटी येत नव्हती, एवढीच माझी पात्रता. कोविड आला, तळघराला कुलूप लागलं आणि उपासना झूमवर गेली. नगरहून काही महिन्यांसाठी आलेली माझी आईही विमानं बंद झाल्यामुळे आमच्याकडेच अडकली.

त्या थंडीत तिकडे नगरला मावशी गेली. आईला जाणं शक्यच नव्हतं. तिनं एकच मागितलं. मावशीच्या आवडीचं भजन सगळ्या मंडळीनं मिळून म्हणायचं. आमच्यात भजन म्हणजे एकानं ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. मी म्हटलं, काळजी सोड, मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे तुझा.

रविवारी मी सगळ्यांना अनम्यूट केलं. आईनं पहिली ओळ दिली. ती कुणाकडून लवकर, कुणाकडून उशिरा, तर एका घरातून कुकरच्या शिट्टीसकट परत आली. तबलेवाले काका तर आम्ही थांबल्यावरही वाजवतच होते. माझी मुलगी म्हणाली, "डॅड, जस्ट म्यूट एव्हरीवन." म्यूट केलं, तर आई एकटीच उरली. दुसऱ्या ओळीला तिनं चष्मा काढला आणि गाणं सोडून दिलं.

"एकटीनंच म्हणायचं तर मी न्हाणीतही म्हणेन रे," ती म्हणाली. "तिला मंडळीनं पोचवायला हवं."

सॉफ्टवेअरवाल्याकडे यावर उत्तर नव्हतं. बायकोकडे होतं. तिनं कोरियन पाळकसाहेबांना फोन करून चर्चचा पार्किंग लॉट मागितला. ते लगेच हो म्हणाले, वर स्वतः येऊन फावड्यानं बर्फही बाजूला केला.

पुढच्या रविवारी सगळे आपापल्या गाड्यांतून आले. गाड्या अर्धगोलात लावल्या, काचा खाली केल्या. मधोमध माझी गाडी, तिच्या उघड्या डिकीत पेटी. काका त्यांच्या डिकीत तबला घेऊन बसले. आई साडीवर माझं जॅकेट चढवून, मास्क लावून उभी राहिली. मास्क काढायची परवानगी सुनेनं दिली नव्हती.

तिनं ओळ दिली. मग एका काचेतून आवाज आला, शेजारच्या काचेतून दुसरा, आणि बघता बघता ओळ सगळ्या लॉटभर झाली. शेवटचं कडवं तर आई संपूच देईना. माझी बोटं बधिर झाली होती, पण तिच्यासमोर थांबायची टाप नव्हती.

घरी येताना गाडीत बसताच आईनं मास्क काढला.

"दुसऱ्या कडव्यात दोनदा चुकलास तू," ती म्हणाली.

मी थंडीवर ढकलून पाहिलं.

"असू दे," आई म्हणाली. "सगळे आले होते. आता ती नीट गेली."