गुण आला

चूक माझीच होती, आणि ती एका शब्दाची होती.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी कुड्याच्या पानांतलं एक द्रव्य वेगळं करत होते. कॅन्सरच्या पेशींना वाढायला जे एन्झाइम लागतं, त्याला ते अडवतं का, एवढाच प्रश्न. पानं शेलार गावातल्या माझ्या आत्याच्या परसातली. तिला स्वतःला आतड्याचा कॅन्सर, किमो चालू. तरी पानं धुऊन, सावलीत वाळवून पाठवायची. ज्या दुपारी नळीतलं एन्झाइम थंडावलं, मी फोनवर ओरडलेच, “आत्या, तुझ्या पानाचा गुण आला!”

पुढच्या किमोला ती गेलीच नाही. मी तडक शेलार गाठलं, तर चुलीवर तीच पानं उकळत होती.

“आता किमोची बाटली कशाला लावू? तूच बोललीस ना, गुण आला.”

गुण येतो तो माणसाला, नळीला नव्हे. एवढं साधं मराठी मी विसरले होते! तिच्यावर चिडले, स्वतःवर त्याहून जास्त. पण मी कॉलेजात शिकवते, समजावणं हा माझा धंदाच आहे, आणि आत्याने नारपोलीच्या कापडाच्या लूमवर अर्धं आयुष्य तुटलेले धागे जोडलेले.

“पेशीतल्या धाग्याला पीळ पडतो,” मी म्हटलं. “एक एन्झाइम तो धागा कापतं, पीळ सोडवतं, परत जोडतं. तुझ्या बाटलीतलं औषध जोडायच्या आधीच त्याचा हात धरतं. मग पेशीचं काम ठप्प. तेही एका झाडापासूनच आलंय. पण ते किती द्यायचं हे शोधायला लोकांची वर्षं गेली. तुझं पान अजून काचेबाहेर आलेलं नाही.”

“मंग गुण आला कोनाला?”

“काचेच्या नळीला.”

ती खो खो हसली. मग पातेलं उचललं आणि काढा मोरीत ओतला. “चल, डाक्टरकडं. पन येक सांगते. मला समजंल असंच बोलायचं, आनि खरं झाल्याबिगर बोलायचं न्हाय.”

चुकलेली बाटली डॉक्टरांनी पुढच्याच आठवड्यात लावली, मला चार शब्द सुनावून.

काही महिन्यांनी तपासणीचा रिपोर्ट आला. आत्याने तो माझ्या हातात दिला आणि समोर बसली. गाठ निम्म्याने कमी झाली होती. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला. मग गाठीचा आधीचा आणि आताचा आकडा तिला बोटाने दाखवला.

“बोल की,” आत्या म्हणाली. “आता बोल तो शब्द.”