जर्मन पायपेटीची एक पट्टी

काल उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दुकानात एक जुनी पायपेटी उघडली. भात्याच्या चामड्याचा आन् पितळेचा वास आला, तसे करीमचाचा समोर बसल्यासारखे वाटले.

माझे उस्ताद ते. मी त्यांच्याकडं पेटीचं काम शिकत होतो, तवा आमच्याकडं चर्चची पायपेटी दुरुस्तीला आली होती. जर्मनीतल्या एका घराण्यानं बनवलेली. आजा लाकूड कापायचा, बाप सुराच्या पितळी पट्ट्या घासायचा, असं चाचा सांगायचे. नातवानं कारखाना बंद केला, म्हणून नवी पट्टी मिळणं नव्हतं. एक पट्टी बेसूर झाली होती. टोकाला घासलं की सूर चढतो, पण जास्त घासलं की पट्टी मोडते.

आमची रीत अशी, की घासणाऱ्यानं सुराचा निवाडा करायचा नाय. दुसऱ्यानं पाठ फिरवून ऐकायचं. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. चाचा थोडं घासायचे, वाजवायचे, परत घासायचे. सूर लागला, तरी कानस थांबंना. उस्तादाला थांबा कसं म्हणायचं?

"सूर अजून उतरलेलाच हाय ना रे?" चाचांनी विचारलं.

"नाय चाचा. कवाच लागला."

"पक्का?"

"पट्टी मोडायची असंल तर घासा."

"जुबान लई चालती तुझी," म्हणत त्यांनी कानस माझ्यापुढं ठेवली, ती परत कधी उचलली नाय. तवा वाटलं, रुसले माझ्यावर. आता कळतं, आपला कान दगा देतोय हे त्यांना त्याच दिवशी उमगलं होतं.

आज मी त्यांच्या वयाचा झालोय. माझ्यामागं पाठ फिरवून बसायला कुणी नाय, आन् मला लागलेला वाटतो तो सूर खरंच लागलाय का, हे विचारायचं कुणाला?