वाट अडवणारे देवरे

देवरे कोणालाही भेटले की आधी त्याच्या पायांकडे बघत. चेहऱ्याची पाळी नंतर. आमच्या मदतपथकाच्या बैठकीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या कोल्हापुरी चपला बराच वेळ न्याहाळल्या आणि म्हणाले, "सर, लग्नाला चांगल्या आहेत. पुरात मात्र तुम्हाला शोधायला आणखी दोन माणसं लागतील." मी कॉलेजात आयुष्यभर शिकवलं; इतक्या कमी शब्दांत कोणाला नापास करणं मला कधी जमलं नाही.

ते मूळचे सटाण्याकडचे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेचं काम बघून निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही, पाथर्डी फाट्याजवळ दोन खोल्या. "माझ्या खात्यात एकाचं बोट तुटलं नाही," ते सांगत. "म्हणून तर निरोप समारंभात साहेबांनी माझं नाव चुकीचं वाचलं. काही झालंच नाही तर माणूस लक्षात कशाला राहील?"

आमच्या पथकाकडे त्या वेळी एक दोर आणि तीन बॅनर होते. अध्यक्ष अण्णांचं म्हणणं, सेवेला शिस्त नको, तळमळ हवी. देवरेंनी तळमळीबद्दल काही न बोलता प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून आणले. पाण्यात किंवा ढिगाऱ्यात उतरण्याआधी प्रत्येकानं आपल्या घराची किल्ली खिळ्याला लावायची, बाहेर आल्यावर काढून घ्यायची. "हजेरीत दुसऱ्याची सही ठोकता येते. घराची किल्ली कोणी विसरत नाही. खिळ्यावर किल्ली आहे म्हणजे माणूस आत आहे." गोदेच्या पुरात एका संध्याकाळी फळीवर एक किल्ली उरली, तेव्हा अण्णांचं आभाराचं भाषण मध्येच तोडून त्यांनी सगळ्यांना पुन्हा गल्लीत पाठवलं. आमचा एक जण घसरून पाय मुरगाळून एका जिन्यात बसला होता. अण्णांना भाषण तुटल्याचं दुःख जास्त झालं.

मग सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर दरड कोसळली. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा दोन घरं मातीखाली होती. एका घरातले सगळे आधीच बाहेर पडले होते. दुसऱ्यात लहानू नावाचा शेतकरी अडकला होता. त्याची बायको सोनीबाई हातांनी माती उपसत होती. आम्ही अकरा जणांनी फावडी उचलली. देवरे मात्र काठी टेकत वर चढले. खाली आले ते चिखलानं भरून. "वर भेग पडलीय. माझी काठी अर्धी आत गेली. पाऊस थांबेपर्यंत कोणी खाली जायचं नाही." त्यांनी सोनीबाईलाही दोन बायकांच्या मदतीनं मागे ओढलं. ती त्यांना मारत होती. ते मार खात होते.

"अहो, माणूस आहे आत!" मी ओरडलो.

"एकच आहे. बारा कशाला करता?"

मी किल्ली खिळ्याला लावून पुढे निघालो. त्यांनी ती काढून माझ्या हातात कोंबली आणि वाटेत उभे राहिले. एरवी शहरी बोलणारा तो माणूस एकदम आपल्या बोलीत आला : "मरानं शे का तुले?"

चार तास आम्ही पावसात उभे होतो. अण्णा फोनवर कोणाला तरी आम्ही युद्धपातळीवर काम करत असल्याचं सांगत होते. पाऊस थांबला, यंत्र आलं, वर शिट्टी घेऊन माणूस बसवला, तेव्हा देवरे बाजूला झाले. लहानू मेलेला निघाला. डोंगर मात्र हलला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

अंग अजून गरम होतं, असं कोणीतरी म्हणालं. हात कोणी लावून बघितला, ते कोणीच सांगितलं नाही. पण नाशिकला पोचेपर्यंत ते सगळ्यांना माहीत झालं होतं. पुढच्या बैठकीत देवरेंना पथकातून मोकळं करायचा ठराव एकमतानं झाला. एकमतात माझाही हात होता. मग आमचा सत्कार झाला, शाली मिळाल्या.

मी एकदाच त्यांच्याकडे गेलो. टीव्ही आवाज बंद करून चालू होता. "घरात कोणी हलताना दिसलं म्हणजे बरं वाटतं," ते म्हणाले. मग टीव्हीकडे बघतच : "सर, डोंगर खाली आला असता तर मी शहाणा ठरलो असतो. आता रोज वर्तमानपत्र उघडताना मी काय बघावं? तो पडावा म्हणून, का पडू नये म्हणून?" मी विषय बदलला. शिक्षकाला ते येतं.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. सोनीबाईला सांगायला हवं, असं मला का वाटलं कोण जाणे. मी एसटीनं पाड्यावर गेलो. ती ओट्यावर नागली पाखडत होती. ऐकून तिचं सूप थांबलं.

"तरीच दोन म्हयने आला नाय."

"ते इथे येत होते?"

"दर म्हयन्याला. पयल्या खेपेला मी दगड मारला. दुसऱ्या खेपेला परत आला. इथंच बसायचा. डोंगराकडं बघून सांगायचा, आज तिकडं गुरं नका नेऊ. मंग मी त्याला च्या द्यायला लागली."

"म्हणजे माफ केलंत त्यांना?"

"नाय," ती म्हणाली. "त्यानं मागितलीच नाय कधी." तिनं पुन्हा पाखडायला घेतलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी पन व्हते ना त्या दिवशी?"

"होतो."

"मंग तुमी कसे नाय आले कधी?"

आतून कोणीतरी चहा आणून ठेवला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.