मी मागे न घेतलेला अर्ज

आक्का, आप्पा मला बेळगाव स्टेशनावर पोचवायला आलते तो दिवस तुला आठवत असेल. तू लेकराला कडेवर घेऊन जरा लांबच उभी होतीस. पुण्याची गाडी लागली तरी आप्पांनी माझी ट्रंक हातातून सोडली नव्हती. "रजा घेऊन गेली असतीस तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "नोकरी सोडून गेल्यावर माघारी कुठं येणार?" मला त्यांचा रागच आला.

रजा मी मागितलीच होती. निपाणीच्या त्या मुलींच्या शाळेत मला सहा वर्षं झाली होती. संस्थेच्या छापील नियमांत स्वच्छ लिहिलं होतं : पाच वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाला ट्रेनिंग कॉलेजसाठी दोन वर्षांची रजा, आणि परत आल्यावर तीच जागा. ही कुणाची मेहरबानी नव्हती, हक्क होता. अर्ज मी हेडमास्तरांच्या हातात दिला. आठवड्यानं ते माझ्या वर्गात आले आणि मुलींसमोरच म्हणाले, "कमिटीनं नाकारला. विधवा बाईला एकटीला पुण्यात धाडून शाळेची अब्रू घालवायची काय?" पुढच्या बाकावरच्या पोरींनी माना खाली घातल्या. मी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. नंतर कळलं, त्या वर्षीची रजा आमच्याच शाळेत शिकवणाऱ्या हेडमास्तरांच्या भाच्याला मिळाली.

पुण्यात मी "न्हाय" म्हटलं की हॉस्टेलातल्या मुली हसायच्या. वर्षभरात मी "न्हाय", "लई", "व्हय" सगळं जिभेवरून खरवडून काढलं. आमटीतला गूळ मुकाट गिळायला शिकले. आप्पा गेल्याची तार आली तेव्हा परीक्षा चालू होती, आणि माघारी नोकरी नसल्यानं ती बुडवणं परवडणारं नव्हतं. मी अनगोळला आपल्या घरी पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. तुम्ही कुणी मला बोल लावला नाहीत. पण परतीच्या गाडीत मी आप्पांसाठी रडले नाही, त्या हेडमास्तराला शिव्या दिल्या. पुढच्या प्रत्येक परीक्षेला बसताना देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी मी त्याचा चेहरा आठवत असे.

मी पुण्यातच शिकवत राहिले. अकरा वर्षांनी शाळा तपासायच्या खात्यात मला जागा मिळाली. निपाणीची ती शाळा माझ्या वाट्याला आली नव्हती. मी ती मागून घेतली.

हेडमास्तर तेच होते. त्यांनी मला ओळखलं नाही. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी रजेची फाईल मागितली. तिच्यात माझा अर्ज होता, आणि खाली त्यांच्या हातचं एक वाक्य : "बाईंनी अर्ज स्वखुशीनं मागे घेतला." कमिटीपुढे तो कधी गेलाच नव्हता! त्याच फाईलीत आणखी तीन शिक्षिकांचे अर्ज होते आणि तिन्हींखाली तेच वाक्य. त्यांतल्या दोघी अजून तिथंच शिकवत होत्या.

मी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. हेडमास्तरांना उभं केलं आणि तो नियम मोठ्यानं वाचायला लावला. मग ते चार अर्ज. माझ्या नावाशी ते थांबले. त्यांनी वर बघितलं.

"बाई, मी दोन महिन्यांत रिटायर होतोय," ते म्हणाले. "सूड घेताय काय माझ्यावर?"

"व्हय," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तो शब्द आपसूक तोंडात आला.

माझ्या रिपोर्टावर संस्थेनं त्यांना ते दोन महिनेही पुरे करू दिले नाहीत. ते बाजारात तोंड दाखवीत नाहीत असं कळलं, त्या दिवशी मी शिरा करून खाल्ला. तू म्हणालीस, "म्हातारा मानूस, सोडून द्यायचं व्हतं गं." नाही आक्का. तो रिपोर्टाचा कागद पुन्हा हातात आला तर तोच शेरा पुन्हा लिहीन.

अजून तिथं शिकवणाऱ्या त्या दोघींपैकी शांताला रजा मिळाली. ती पुण्यात माझ्याच खोलीत राहिली, पास झाली आणि दोन वर्षांनी निपाणीत आपल्या जुन्या वर्गावर रुजू झाली. तिचं पत्र आलं : आई दारात वाट बघत होती, म्हणून. मी ते वाचलं आणि मला तिचा हेवा वाटला. मलाही दोन वर्षांसाठीच तर जायचं होतं. आता मी अनगोळला आले की तू पाट मांडतेस, नवं फुलपात्र काढतेस, आणि मी पाणी घ्यायला उठले तर म्हणतेस, "तू बस गं, पावनी हाईस."