वैनींची पळी माझ्याकडे आहे

ये विजू, अशी जवळ सरक. रागावणार आहे तुझ्यावर, पण हळू आवाजात. म्हातारीचा राग तो केवढा असणार! चार पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही. म्हटलं, पेपरच्या पुरवणीत लिहावं, रविवारच्या चहाबरोबर ती तरी वाचत असशील. तुझी आई, आमच्या शेवंतावैनी, गेल्या त्याला दीड महिना झाला. तेराव्याला तू आलीस आणि माणसं जेवायला बसलेली असताना बोललीस, "आईनं मंदाताईला उपाशी मारलं." माणसांनी हातातले घास पानात ठेवले. मी तेव्हा गप्प बसले. का बसले ते आज सांगते. बाकीच्या वाचणाऱ्यांनीही ऐकावं, लपवण्यासारखं आता त्यात काही उरलं नाही.

साताऱ्यात आपली घरं भिंतीला भिंत लागून. वैनी माण तालुक्यातल्या, तुझे वडील मिलिटरीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घर चालायचं तुझ्या आजीच्या शब्दावर. बहात्तरचा दुष्काळ सरता सरता तुझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाचे डोळे पिवळे झाले. आठ वर्षांची होती. कावीळ म्हणून औषध झालं, पण पिवळेपणा जायचा आणि फिरून यायचा, अंगाला खाज अशी की पोर पिंढऱ्या ओरबाडून काढायची, आणि मग पोट बिघडलं ते कायमचं. दिवसातून दहादा, कधी रक्तसुद्धा. अशा पोरीला शाळेत कसं पाठवायचं? वैनी गुरुजींना विचारून शाळेमागच्या लिंबाखाली बसायला लागल्या. शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या, पिशवीत धुतलेला परकर. मंदानं खिडकीतून नुसतं बघितलं की या उठायच्या. मुलं फिदीफिदी हसायची. वैनी म्हणायच्या, "हसा रं, हसा. मी बी चौथी पास हुते का न्हाई बघा हितं बसून." आणि खरंच, त्यांचे पाढे त्या लिंबाखालीच पाठ झाले.

आजींनी वैद्याचं पथ्य धरलं होतं. तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही. ज्वारीच्या कण्या आणि ताक. वास आला की पोर मागणार, म्हणून घरात फोडणीच बंद... सगळ्यांची, तुझीसुद्धा. गल्लीनंही ते पाळलं. मंदा शाळेत असेपर्यंत बायका आमटीला फोडणी देऊन मोकळ्या व्हायच्या. माया होती ती सगळ्यांची. पण पोर काडीसारखी झाली.

मग वैनी तिला घेऊन एसटीनं सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, लिव्हर आणि आतडं, दोन्हींचा जुनाट आजार आहे. परत आल्यावर दोन-चार दिवस घरात काहीतरी धुसफूस चालली होती. एका संध्याकाळी वैनी माझ्या उंबऱ्याशी आल्या, हातात फोडणीची लोखंडी पळी. "अक्का, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. घरात असली की हात जातोय." मागून आजी म्हणाल्या, "लय बरं केलंस बघ." मी पळी घेतली आणि मनात म्हटलं, काय दगडाची बाई आहे ही!

दुसऱ्या दिवसापासून मंदा दुपारी यायला लागली, हातात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, रिकामी वाटी. "काकू, तुमची वाटी." मी म्हटलं, "अगं, ही माझी नव्हे." तर म्हणाली, "असू दे की." मला वाटलं, पोरीनं घरात यायला सबब काढलीय. एके दिवशी राहवलं नाही. त्याच पळीत लसूण तडतडवली, वरणभातावर ओतली, वाटीत घालून दिला. पोरीनं डोळे मिटून घेतले... मग हा रोजचाच परिपाठ झाला. खाऊन झालं की मी तिला चूळ भरायला लावायची, वाटी धुऊन हातात द्यायची आणि बजावायची, "घरी बोलायचं नाही हं." "मी काय विजू हाय व्हय?" म्हणायची.

पण एकदा सलग चार दिवस रक्त पडलं. माझ्याच घासानं झालं, असं मनानं घेतलं. आठवडाभर मी तिला काही दिलं नाही. वाटी मात्र रोज येत होती. शेवटी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काकू, खायला नगा देऊ. फोडणीचा आवाज तेवढा करा." ...मी पुन्हा पळी तापवली.

अकरावं लागलं आणि मंदा गेली, सांगलीच्या दवाखान्यात. पोरीला मीच मारलं, हे मनात धरून मी इतकी वर्षं काढली. वैनींनी पळी कधी परत मागितली नाही. आजी गेल्या, तरी नाही.

वैनी अंथरुणाला खिळल्या तेव्हा भेटायला गेले आणि एकदाचं बोलून टाकलं, "वैनी, मी मंदाला चोरून खायला घालत होते." त्या भिंतीकडे बघत होत्या. "ठाव हाय की. परकराला लसणीचा वास यायचा." मग म्हणाल्या, "डाक्टर म्हणालं हुतं, खाण्यानं आजार आला न्हाई, अन् खाणं तोडून जायाचा न्हाई. हाय तवर पोटभर खाऊ द्या. मी घरात सांगून बघितलं. सासूबाई म्हणल्या, पोर मारायची हाय का तुला? ह्यांचं पत्र बी तसंच आलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुमी घातलं असतं?"

विजू, आजींच्या शब्दाबाहेर मी तरी कुठे गेले असते? मीही त्या गल्लीतलीच ना! सबब पोरीची नव्हती, वाटी तुझ्या आईनं भरायला धाडलेली होती. तुझ्या हाती ती दिली नाही, कारण तू सहा वर्षांची, आजीच्या मांडीवर बसून घरातलं सगळं सांगणारी. तुझं लहानपण अळणी गेलं, तो राग खरा आहे. तो ठेव. पण ते 'उपाशी मारलं' एवढं मागे घे. हे तेराव्यालाच सांगायचं होतं, पण मंदाला बजावलेलं माझं मलाच आड आलं... घरी बोलायचं नाही.

पळी अजून माझ्या चुलीमागच्या खिळ्याला आहे. काळी कुळकुळीत झालीय. तापवली, लसूण तडतडली, की नजर आपसूक दाराकडे जाते. लवकर ये बाई, गुडघे काही माझे फार दिवस ऐकणार नाहीत. दुपारची ये. आणि येताना हातात एक रिकामी वाटी आण.